जूनपर्यंतच

१६ एप्रिल २०२५, वडवणी

जयंतीच्या कमानीचा निळा रंग अजून नखातून गेला नाही आणि पोरीनं घरात हे काढलं. परवाच सांगायचं होतं म्हणे तिला, पण सणाचा घास कडू कशाला करायचा म्हणून आज सांगितलं. कॉलेजात ती तासिकेवर शिकवायची, येत्या वर्षाचे ते तास तिनं घेतलेले नाहीत. तसं कळवूनही टाकलं. आता वडवणीतच राहणार, बायांची टोळी करणार आणि लोकांच्या सीताफळाच्या बागांत जाऊन फुलांवर हातानं पराग लावायचं काम घेणार.

माझी माया. डॉक्टर माया. सुया टोचणारी नव्हे, पीएच.डी.वाली. सीताफळाच्या फुलावरच विद्यापीठात तिनं एवढा जाडा ग्रंथ लिहिला. पदवी मिळाली त्या दिवशी मी दाराला पाटी रंगवली, पिवळ्यावर काळी अक्षरं, खाली तांबडी सावली. फ्लेक्स आल्यापासून मला कुणी पाटी सांगितली नव्हती. सवय मोडली होती, पण 'डॉ.' असं उतरलं की रस्त्यानं जाणारा मान वळवतो.

मी म्हटलं, आपल्या माणसानं दुसऱ्याच्या बांधावरून उठावं म्हणून बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, आणि तू एवढं शिकून परत बांधावर? तर म्हणाली, "दादा, तिथं मी इतकी वर्षं उभीच होते. बस म्हणलंच न्हाई कुणी."

जागा निघाली तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांनी आपल्या सुनेला घेतलं, हे मला माहीत आहे. पण एक एसटी चुकली म्हणून माणूस स्टँड सोडून जातो का? दुसरी येतेच की.

बायको, मनकर्णा, लेकीच्या बाजूची. भाकरी थापता थापता मला ऐकवलं की तुम्ही जन्मभर लोकांच्या भिंतींना हात लावले, ती लोकांच्या झाडांना लावील, त्यात काय बिघडलं. या बाईला काय सांगावं.

वर आणखी माझे बारीक ब्रश मागितले. खारीच्या केसांचे. चाँद उस्तादांनी दिलेले. त्यांनी मला अक्षर काढायला शिकवलं तेव्हा मला वाचता येत नव्हतं. आधी अक्षरं रंगवली, ती बोलतात कशी ते मागून कळलं. त्या ब्रशनं मी शाळांची, दवाखान्यांची, एसटीच्या गावांची नावं काढली. आता त्यानं झाडं झाडायची. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती घेऊन गेली.

यापुढं या विषयावर तिच्याशी बोलायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

२ मे

बोललो नाही, पण बघायला गेलतो. डोंगराकडेला बंकटरावांची बाग आहे. ठिबक आहे, छाटणी लवकर केलेली, त्यामुळं उन्हाळ्यातच फुलं लागली आहेत. आपली चार बायांची टोळी तिथं नमुना दाखवायला गेलेली. टोळीची पुढारी छबुबाई, आमच्याच गल्लीतली. दरसाल दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला जाते. हात मात्र हलका. माया म्हणते, छबुबाईसारखा हात माझाही नाही.

काम असं. सीताफळाचं फूल आधी बाई असतं आणि मागून बाप्या होतं. ते बाप्या होतं तोवर त्याचं बाईपण सरलेलं असतं, म्हणून एकाचा पराग दुसऱ्याला कुणीतरी नेऊन द्यावा लागतो. किडे नेतात, पण त्यांच्या मर्जीनं. या बाया पहाटेच परागाची पांढुरकी भुकटी काजळाच्या डबीत झाडून घेतात आणि अर्धवट उघडलेलं फूल बोटांत धरून आत ब्रश फिरवतात. झालं. माझ्या ब्रशचं टोक फुलात जाताना बघून मी तोंड फिरवलं.

बांधावर बंकटरावांचा पुतण्या आणि दोन-चार टोणगे उभे. पुतण्या म्हणाला, "काय पेंटर, झाडांची लग्नं लावायला आलाव व्हय? मंगलाष्टकं कोण म्हणणार, का तुमच्यात ती चालत न्हाईत?" सगळे हसले. माया मान वर न करता फुलं करत राहिली. मला तिचाच राग आला. प्राध्यापक असती तर या टोणग्यानं 'मॅडम' म्हणून खुर्ची पुसून दिली असती.

बंकटराव स्वतः मात्र नीट बोलले. सगळी बाग द्यायचा विचार आहे, आताचा बहारही आणि पावसाळ्यातला मोठाही. पोरीचं काम स्वच्छ आहे म्हणाले. मग मलाही राहवलं नाही. यांना काय वाटत असेल, की हिला दुसरं काही मिळत नाही म्हणून ही उन्हात आली? मी म्हटलं, "हे जूनपर्यंतच हाय, बंकटराव. मग कॉलेज उघडलं की ती प्राध्यापक म्हणून जाणार. तवर आपलं हौसेनं करती."

त्यांनी मायाकडं जरा निराळ्या नजरेनं बघितलं. वजन पडलं. आपण आपली किंमत सांगितल्याशिवाय जग सांगत नसतं.

५ मे

बंकटरावांनी शब्द फिरवला. सगळी बाग नाही, फक्त विहिरीकडच्या चार ओळी. आणि पावसाळ्याचं मागून बघू म्हणाले. मायानं कारण विचारलं तर म्हणे नुसते हसले.

कारण मला ठाऊक आहे. आमच्या हातचं पाणी आता घेतात, चहा घेतात, पण सगळी बाग आमच्या पोरीच्या हातात देताना पोटात दुखलं असणार. तोंडावर गोड आणि मागं हे. मी मायाला म्हटलं, बघ, ही तुझी शेतकरी मंडळी. ती बराच वेळ दारातल्या पाटीकडं बघत बसली. पाटी जरा तिरकी झाली होती, मी ती सरळ केली.

बाजारात अशफाक फळवाला भेटला. त्यालाही सांगून ठेवलं की बाबा, आमची माया जूनपर्यंतच. सिरसाळ्याकडचा एक बागवाला त्याच्याशी बोलत होता, त्यालाही सांगितलं. गल्लीत तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. कुणी तिला उन्हात वणवण फिरणारी समजू नये.

११ मे

आज घरात भांडण. माझं चुकलं काय ते मला अजून कळलेलं नाही.

काल ब्रश बघितले. केस चिकटलेले, टोक पसरलेलं. पोटच्या लेकरासारखे जपलेले ब्रश. मी काही न बोलता ते राकेलात धुतले, पुसले, टोकं ओठानं जुळवून परत तिच्या डब्यात ठेवले. एवढीच सेवा. म्हटलं, बोलत नसलो तरी पोरीला कळेल बापाचं मन.

आज दुपारी आली ती तांबडीलाल होऊन. एका ओळीचं सकाळचं सगळं काम वाया गेलं म्हणे. राकेलाचा अंश राहिला की पराग मरतो. छबुबाईला वास आला, पण तोवर ओळ होत आली होती. मायानं बंकटरावांना खरं सांगितलं आणि ती ओळ हिशेबात धरू नका म्हणाली. पुतण्या म्हणाला म्हणे, झाडांना दारू पाजली काय.

मी म्हटलं, ब्रश राकेलातच धुतात, मी उभा जन्म तेच केलं. ती म्हणाली, रंगाचे धुतात, दादा. आणि भाकरी न खाता झोपली.

चांगलं करायला जावं तर असं.

२३ मे

घरात न सांगता संस्थेच्या अध्यक्षांकडं जाऊन आलो. सकाळच्या पहिल्या गाडीनं गेलो. बंगल्याच्या ओट्यावर बसवून ठेवलं. उन्हं चढली, ओट्यावरची सावली सरकली, मीही तिच्याबरोबर सरकत राहिलो. शेवटी साहेब बाहेर आले. माणूस लई मोकळा. मला लांबूनच ओळखलं, "अरे, पेंटर का" म्हणाले. मी मायाचं काढलं. म्हटलं, पोरगी वैतागून नाही म्हणाली, लेकरू आहे, तिच्या जागेचं बघा.

साहेब म्हणाले, बघू की. मग मला गाडीत बसवून कॉलेजवर नेलं. स्वतःच्या गाडीत. फाटकावरची अक्षरं उडालेली दाखवली, आतल्या भिंतीवरची देणगीदारांची नावंही. म्हणाले, फ्लेक्सवाल्यांना ही कला नाही, पेंटर, हे तुमच्यासारख्याच्याच हातचं काम. तेवढं करून द्या, मग आपण मायाबाईंचं बसून बोलू.

फ्लेक्सला नावं ठेवणारा माणूस मला फार दिवसांनी भेटला. पैशाची गोष्ट मी काढली नाही. असल्या वेळी काढायची नसते.

९ जून

फाटक झालं. भिंतही झाली. शेवटच्या दिवसांत उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी यायची, पण अक्षर एक वाकडं नाही. मोठ्या ब्रशनं करावं लागलं, बारीक तर लेकीकडं. घरी सांगितलं होतं की देवळाचं काम मिळालं आहे. मनकर्णा म्हणाली, तुम्ही आणि देऊळ? मी म्हटलं, रंगाला धर्म नसतो.

साहेब बाहेरगावी गेले आहेत. कारकून म्हणाला, कळवू.

इकडं छबुबाईनं दगा दिला. ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतली. म्हणजे दिवाळीनंतर नवरा-बायको ऊसतोडीला बांधले गेले, आणि आतापासूनच मुकादम म्हणेल त्या कामाला जावं लागणार. या वर्षी कारखान्यावर जायचं नाही, पोरीची शाळा बुडवायची नाही, ताईच्या टोळीवर वर्ष काढायचं, असं तिनंच मायाला सांगितलं होतं. माया तिच्या घरी जाऊन आली आणि आडवी झाली.

मला काही राहवेना. मी छबुबाईला गाठून चांगलं सुनावलं. म्हटलं, माझ्या पोरीनं तुला हाताला धरून शिकवलं आणि तू ऐन वेळी पाठ दाखवलीस. तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "तुमी तर असं बोलू नगा, पेंटर."

काय त्या बोलण्याचा अर्थ? उपकाराची जाण म्हणून नाही.

२४ जून

आज लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

सकाळी बंकटरावांच्या बागेत फळं बघायला गेलो, माया आणि मी. अशफाकही व्यापाराच्या अंदाजानं आलता. विहिरीकडच्या ओळी बघून तो थक्क झाला. फळ गच्च लागलेलं आणि गोल, एका अंगानं बसलेलं एकही नाही. मधली ती राकेलाची ओळ तेवढी लंकेची पार्वती. बाकी बाग नेहमीसारखी, चार इकडं दोन तिकडं. मला वाटलं, आता बंकटराव पायाशी येतील.

तर बागेत मोठ्या बहाराची फुलं करायला दुसऱ्याच बाया. त्यांत आपल्या टोळीतल्याही दोघी. पुतण्या त्यांच्यावर मुकादम, हातात काजळाची डबी. माया ओळीच्या तोंडाशीच थांबली.

अशफाकला वाईट वाटलं. तो आपल्या सरळपणानं म्हणाला, "पर ताई, तुमी तर जूनला चालल्या ना? तुमचे अब्बाच बोलले सगळ्यांना. मग बागवाला काय करंल? अर्ध्या बहारात सोडून गेल्या तर त्यानं कुणाला धरायचं?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कॉलेजचा कारकून. मी जवळच होतो, त्याचं बोलणं ऐकू येत होतं. अध्यक्षसाहेबांनी तुमच्यासाठी तास ठेवले आहेत, तासिकेवरच, मागच्यापेक्षा कमी आहेत, पण वडलांनी फाटक फुकट रंगवून दिलं म्हणून साहेबांनी शब्द पाळला.

मायानं फोन बंद केला. घरी आल्यावर पाणी प्यायली, माझ्यासमोर बसली.

"दादा, कुणाकुणाला सांगितलं?"

मी सगळं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काय होतं? बंकटराव, अशफाक, सिरसाळ्याचा बागवाला, गल्ली, चावडी, एसटी स्टँडवरचा चहावाला.

"आन् छबुबाईला?"

छबुबाईला तर पहिल्यांदा. तिच्या भल्यासाठी. म्हटलं होतं, बाई, ताईच्या भरवशावर राहू नको, ताई जूनला जाणार, आपलं बघून ठेव.

माया उठली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं खुर्ची घेतली, दारातली पाटी काढली आणि आत मांडणीच्या मागं भिंतीकडं तोंड करून ठेवली. मनकर्णा चुलीपाशी रडत होती. मी म्हटलं, अगं, मी तुझी किंमत वाढवत होतो.

काजळाच्या डब्या घेऊन माया ओट्यावर गेली.

१८ जुलै

माया माझ्याशी बोलत नाही. आईला सांगते, आई मला सांगते. "दादांना म्हण चहा झाला." समोर बसलेलो असतो मी.

तास तिनं घेतले नाहीत. कॉलेजच्या फाटकावर माझी अक्षरं मात्र आहेत.

सिरसाळ्याकडचा तो बागवाला काही आला नाही. तिकडच्या एका छोट्या बागवाल्याला ती स्वतः जाऊन भेटली. सकाळच्या गाडीनं जाते, उरलेल्या एका बाईला घेऊन. पहिलं वर्ष आहे, जमेल तेवढं, असं आईला म्हणाली.

मी आज बंकटरावांकडं गेलतो. गेलो म्हणजे पाय ओढत गेलो. म्हटलं, बंकटराव, ती कुठं जात नाही. इथंच आहे. पुढचा बहार तिला द्या. ते पान लावत होते. पुतण्या मागं उभा होता, हसत. बंकटराव म्हणाले, "पेंटर, उन्हाळ्यात तुमी सांगितलं ती जाणार. आता सांगताव ऱ्हाणार. तुमच्या कंच्या बोलण्यावर बाग सोडू?"

मी तिथं त्यांच्या जातीवर मनातल्या मनात खूप बोललो. पुतण्याचं बोलणं आहेच तसं. पण वाटेत एक गोष्ट टोचत राहिली. हे उत्तर मला अशफाकनंही दिलं असतं. चहावाल्यानंही दिलं असतं.

अजूनही माझं मत आहे की प्राध्यापकी बरी होती. सावलीतलं काम, मानाची खुर्ची. हे मत मी बदललेलं नाही. फक्त आता कुणाला सांगत नाही.

१४ सप्टेंबर

अशफाकनं सीताफळांची टोपली घरी पाठवली. विहिरीकडच्या ओळीतली. एकेक फळ ओंजळभर, सगळ्या बाजूंनी सारखं, डोळे मोठे उघडलेले. बंकटरावांचा पुतण्या म्हणे बाजारात सांगत फिरतो की हे आमच्या घरचं तंत्र आहे. त्याच्या बायांनी पावसाळ्यात जे केलं त्यातलं निम्मं गळालं, कारण त्यानं दुपारी फुलं करायला लावली. हे मला मनकर्णानं सांगितलं. मला आनंद झाला. होऊ नये असं म्हणतात, पण झाला.

मायानं एक फळ फोडून बिया मोजल्या, वहीत काहीतरी लिहिलं आणि उरलेलं आईला दिलं. एक फोड आईनं माझ्यापुढं ठेवली. लई गोड होती.

२९ ऑक्टोबर

आज ऊसतोडीचे ट्रक निघाले. सकाळी दूध आणायला म्हणून बाहेर पडलो आणि स्टँडवर पोचलो. पोती, कोयते, हंडे, एक शेळी, पोरं, सगळं एकावर एक. वर छबुबाई बसलेली, पोरीला कुशीत घेऊन. पोरीच्या अंगात शाळेचाच ड्रेस.

मी मान खाली घालून जाणार होतो. तिनंच हाक मारली. कमरेच्या पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि वरून वाकून माझ्या हातात दिलं. ब्रश. चाँद उस्तादांचा, सगळ्यांत बारीक.

"ह्यो ताईचा ऱ्हायलाय माज्याकडं. तिकडं उसात काय करू ह्याचं?"

मी म्हटलं, "ताई कुठं चालली न्हाई, छबुबाई. ती इथंच हाय. तू आल्यावर ये."

ती जराशी हसली. रागानं हसली असती तर मी सोसलं असतं.

"हे तवा म्हणायचं व्हतं, पेंटर."

ट्रक हलला. पोरगी हात हलवत होती, मलाच का दुसऱ्या कुणाला ते कळलं नाही. दूध घ्यायचं राहून गेलं.

घरी आलो. माया ओट्यावर डब्या धूत होती. मी कागद उलगडून ब्रश तिच्यापुढं ठेवला. म्हटलं, छबुबाईनं दिलाय. तिनं तो बराच वेळ हातात फिरवला. केस एकही तुटलेला नव्हता. मग मान वर करून सरळ माझ्याकडं बघितलं.

"राकेल लावलं का?"

"न्हाई."

तिनं ब्रश नाकाशी नेला. हुंगला. परत एकदा हुंगला. आणि मगच डब्यात ठेवला.

जूनपासून ती माझ्याशी बोलली ते एवढंच.